हे आईवडिलांसाठी नाही

ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. डॉक्टर आहेत, थेरपिस्ट आहेत, शाळेतल्या बाई आहेत, शिवाय लग्नात पंगतीला शेजारी बसलेला प्रत्येक जण आहे. त्यांच्यासाठी आणखी एक लेख लिहावा असं मला वाटत नाही. हे लिहितोय ते त्या मुलाच्या मावशीसाठी, आत्यासाठी, समोरच्या ब्लॉकमधल्या काकांसाठी, सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी आणि वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या आईसाठी. अशा मुलाचा दिवस बरा जाणार की वाईट, हे बरंचसं आपल्यावर अवलंबून असतं आणि आपल्याला मात्र कुणी काही शिकवलेलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक आहे. म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्ये नसेल तर आळीत कुणीतरी आहेच. मूल नसेल तर मोठा माणूस असेल, ज्याला आपण ‘जरा विक्षिप्तच आहे’ म्हणून केव्हाच बाजूला टाकलं. मुलीही असतात, त्या इतरांचं बघून बघून वागायला शिकतात, म्हणून पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. मेंदूची घडणच मुळात वेगळी झालेली असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्याची रूपं इतकी निरनिराळी की एक मुलगा सगळ्या लोकलचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवील आणि दुसरा जन्मभर एक शब्द उच्चारणार नाही. काहींना सोबत बौद्धिक अक्षमता असते, काहींना फिट्स येतात, काहींना यातलं काहीच नसतं. सगळ्यांमध्ये समान असतात त्या दोन गोष्टी. एक, इतरांशी संवाद साधण्याची पद्धत वेगळी असते. दोन, ठरलेपणाची ओढ असते, त्याच त्या हालचाली आणि तेच ते विषय असतात, आणि आवाज-स्पर्श-उजेड यांचा अनुभव आपल्याहून फार जास्त किंवा फार कमी असतो.

संवादापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतात.

आपण मराठी माणसं निघताना ‘येतो’ म्हणतो. मामा दारात चप्पल घालताना ‘येतो हं’ म्हणतो आणि जिना उतरून जातो. ऑटिस्टिक भाचा दारातच उभा राहतो, कारण मामा येतो म्हणाला होता. यात त्याची अक्कल कमी पडली असं म्हणता येत नाही. मामाने जे शब्द वापरले त्यांच्यावर त्याने विश्वास ठेवला, एवढंच. ‘पाच मिनिटांत आलेच’, ‘बघू’, ‘डोकं खाऊ नकोस’, ‘या एकदा जेवायला’ — आपलं निम्मं बोलणं शब्दांच्या बाहेर असतं. भुवई उंचावून, सूर बदलून, गप्प राहून आपण जे सांगतो ते या मुलांपर्यंत पोचतंच असं नाही. मग ‘नीट बस’ म्हटल्यावर ते बसत नाही आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. नीट म्हणजे कसं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा सरळ बोला. ‘मामा आता घरी चालला. रविवारी परत येईल.’ ‘खुर्चीवर बस. पाय खाली सोड.’ एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि सांगून झालं की थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपली सवय अशी की उत्तर आलं नाही की तोच प्रश्न लगेच दुसऱ्या शब्दांत विचारायचा, मग तिसऱ्या, मग जरा मोठ्याने. त्या मुलाचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळत आलेलं असतं, तोवर दुसरा येऊन आदळतो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मोठ्याने बोलून काहीच साधत नाही; ऐकू त्याला उत्तम येत असतं.

काही मुलं आपलंच वाक्य आपल्याला परत देतात. तहान लागली की ‘तुला पाणी हवंय का?’ असं विचारतात, कारण पाणी मिळण्याआधी दर वेळी हेच वाक्य कानावर पडलेलं असतं. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा ऑटिस्टिक मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली, त्यांतही हे ‘मी’च्या जागी ‘तू’ येणं नोंदवलेलं आहे. मराठीत तर आईचं ऐकून मुलगा ‘मी दमले’ म्हणू शकतो आणि घरभर हशा पिकतो. हसू नका. फार वर्षं तज्ज्ञही याला निरर्थक पोपटपंची समजत आणि ती बंद पाडायला सांगत. १९८०च्या दशकात बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या संशोधकांनी नीट लक्ष देऊन पाहिलं, तेव्हा कळलं की ही वाक्यं कामाची असतात. मूल त्यातून मागतं, होकार देतं, स्वतःला धीर देतं. ‘पुढील स्टेशन दादर’ असं एखादं मूल भर जेवणात दहादा म्हणत असेल तर त्याला बाहेर जायचं असेल, किंवा इथला गोंगाट नको झाला असेल आणि गाडीतली आवडती खिडकी आठवत असेल. आईला विचारा. बहुतेक वेळा तिला माहीत असतं.

‘माझ्याकडे बघून बोल’ हा हुकूमही सोडून द्या. लहानपणी आपल्याला वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवायला शिकवलं आणि आता आपणच या मुलांच्या हनुवटीला धरून चेहरा वर करतो! पुष्कळ ऑटिस्टिक प्रौढांनी लिहून ठेवलंय की समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लागलं की त्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. खिडकीकडे बघत ते तुमचं नीट ऐकत असतात. हात फडफडवणं, डुलणं, गोल फिरणं यांचंही तसंच आहे. कुणाला इजा होत नसेल तर चालू द्या.

डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. २०१२ मध्ये त्यांनी एक साधा मुद्दा मांडला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं सगळे म्हणतात, पण इतरांना तरी त्याचं कुठे कळतं? तुटतं ते दोन्ही बाजूंनी. पुढे एडिंबरात काही संशोधकांनी हे तपासलं. आठ-आठ जणांच्या रांगा केल्या आणि कानगोष्टींसारखी एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ऑटिस्टिक नसलेल्यांच्या रांगेतही. गळती जास्त झाली ती मिसळलेल्या रांगेत. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. मला वाटतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगण्यासारखं याहून महत्त्वाचं संशोधन नाही. त्या मुलाने रोज आपल्या पद्धतीने बोलायचा सराव करायचा, तासाला पैसे मोजून थेरपी घ्यायची. आपण मात्र एक पाऊलही पुढे टाकायचं नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे.

आता आवाज. कुकरची शिट्टी, मिक्सर, मॉलमधलं हात वाळवायचं यंत्र, शाळेची घंटा, शर्टाच्या मानेपाशी टोचणारं लेबल. आपण या गोष्टी ऐकल्या न ऐकल्यासारख्या करतो, ते मूल त्या सगळ्या एकदम भोगत असतं. मिरवणुकीत ढोल-ताशा सुरू झाल्यावर ते कान दाबून रस्त्यावर लोळलं, किंचाळलं, स्वतःचाच हात चावला, तर त्याला लाडावलेलं म्हणू नका. हट्ट करणारं मूल मधूनच बघतं, कुणाचं लक्ष आहे का. या मुलाला त्या क्षणी कोण बघतंय याचं भान नसतं. सहनशक्ती संपलेली असते. अशा वेळी आपण करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत. गर्दी करू नका. मोबाइल काढून चित्रण तर मुळीच नको. चॉकलेट पुढे करू नका, ‘पोलीस येईल हं’ म्हणू नका, आईला संस्कार शिकवू नका. वाट मोकळी करून द्या, जमलं तर स्पीकर थोडा वेळ बंद करायला सांगा, आणि आईला एकदाच हळू विचारा, ‘काही हवंय का?’ ती नाही म्हणाली तर बाजूला व्हा. उलटंही होतं: काही मुलांना दुखलेलं जाणवत नाही किंवा सांगता येत नाही. शांत मुलाचं वागणं एकाएकी बिघडलं तर आधी दात, कान, पोट बघून घ्यावं.

एका गोष्टीचा मला राग येतो, तो लिहूनच टाकतो. मूल बोलत नाही म्हटल्यावर अनेक मराठी घरांना सांगितलं जातं की घरात एकच भाषा ठेवा, आणि शाळा इंग्रजी असल्याने ती इंग्रजी असू द्या. मग आई अडखळत इंग्रजी बोलू लागते, आजोबा गप्प होतात, आणि दिवसभर नातवाशी बोलणारी आजी ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढ्यावर येते. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलाची वाढ खुंटते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आधीच ज्याला माणसांशी जोडून घेणं अवघड, त्याच्या भोवतालची निम्मी माणसं आपण मुकी करतो. आजीला मराठीत बोलू द्या, ओव्या म्हणू द्या, रागवायचं तर मराठीतच रागवू द्या.

न बोलणारी मुलं चित्रांची कार्डं वापरतात, टॅबवर चित्र दाबून बोलतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत अॅप मराठीतही आहे. अशाने बोलायचा आळस येईल ही भीती निराधार आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, उलट काही मुलं त्यामुळे थोडं जास्त बोलू लागतात. तो टॅब त्याचा आवाज आहे. ‘मोबाइल बाजूला ठेव आधी’ म्हणून तो काढून घेऊ नका.

नात्यातल्या मोठ्यांना दोन शब्द. ‘बोलेल गं, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ हे वाक्य प्रेमाचं असतं, पण त्यात वर्ष-दोन वर्षं वाया जातात. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, सव्वा-दीड वर्षाचं बोटाने काही दाखवत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द आणि दोन वर्षांत दोन शब्दांचं वाक्य नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर धीर देत बसू नका, दाखवायला सोबत जा. जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांच्या तपासणीची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे पैसे पडत नाहीत.

आणि आईला दोष देऊ नका. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं हा सिद्धांत एके काळी मोठमोठ्या तज्ज्ञांनी मांडला होता. ब्रुनो बेटलहाइम यांनी तर १९६७ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, त्याआधी १९६४ मध्येच त्या सिद्धांताच्या चिंधड्या उडवल्या होत्या. आपल्याकडे तो सिद्धांत ‘आई नोकरी करते ना’ आणि ‘मोबाइल दिला असेल’ अशा रूपात अजून जिवंत आहे. लहान मुलाला तासन्‌तास मोबाइल देऊ नये हे खरंच, पण मोबाइलने ऑटिझम होत नाही. लसीनेही होत नाही. तसं सुचवणारा १९९८चा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख ‘द लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला आणि त्यांची डॉक्टरकीची नोंदणीही गेली. स्टेम सेलच्या महागड्या उपचारांची जाहिरात कुणी तुम्हाला फॉरवर्ड केली तर ती त्या घरी पाठवू नका. ऑटिझमसाठी ते उपचार करू नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. अशा घरात पैसा आधीच पुरत नसतो.

वर्गातल्या इतर पालकांना विनंती एवढीच, की ‘त्या मुलाला दुसरीकडे घाला’ असा अर्ज फिरत आला तर सही करू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ अपंगत्वं मोजली आहेत त्यांत ऑटिझम आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेला त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. सोसायटीच्या बागेलाही वेगळा न्याय नसावा.

मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांबद्दल आपण बोलतच नाही. अठराव्या वर्षी थेरपी सेंटरची दारं बंद होतात, ऑटिझम तसाच राहतो. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांच्या मनात असतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, पण कागदावर नाव असलेला पालक आणि त्याला कुठल्या वाटीत वरण आवडतं हे ठाऊक असलेला माणूस, दोन्ही लागतात. दुसरा माणूस पुष्कळदा शेजारीच राहत असतो. अशा माणसाला कामावर ठेवणारा कुणी दुकानदार असेल, ऑफिसात साहेब असेल, तर त्याने काम लेखी सांगून बघावं, बदल आदल्या दिवशी कळवावेत, आणि चहाच्या टेबलावरच्या गप्पांवरून माणसाची लायकी ठरवू नये.

पुढच्या महिन्यात तुमच्या घरी वाढदिवस असेल तर त्या मुलाला बोलवा. आधी त्याच्या आईला फोन करा. फुगे फुटलेले चालतात का, टाळ्या चालतात का, तो काय खातो, हे विचारून घ्या. त्याचा डबा त्यांनी आणला तर वाईट वाटून घेऊ नका. आतली एक खोली पंखा लावून, दार लोटून रिकामी ठेवा आणि आल्या आल्या त्याला ती दाखवा. केक कापायच्या आधीच ते निघाले, तर ‘आत्ता तर आलात’ म्हणून अडवू नका. केकचा तुकडा डब्यात घालून द्या आणि पुढच्या वर्षीही बोलवा.