शेऱ्याचा रकाना

गेल्या आठवड्यात भर दुपारी दारात चाळिशीतली एक बाई उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत फुगलेली फाइल. "बाई, एवढं पत्र वाचून सांगता का?" माझे बी.ए. मराठी माध्यमातले. इंग्रजी सरकारी पत्र म्हणजे शब्दकोश जवळ घेऊनच बसावे लागते. तासाभराने अर्थ लागला आणि डोके तापले. ते तापलेले डोकेच आज इथे मोकळे करते आहे.

तिचा नवरा माझा विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण धावण्यात तालुक्यात पहिला. १९९९ साली सैन्यात भरती झाला. आठ वर्षांत बर्फातल्या चौकीवरही राहिला. पुढे त्याची झोप उडाली, भास होऊ लागले. २००७ साली वैद्यकीय मंडळाने त्याला घरी पाठवले आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारले गेले. कारण काय, तर आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'नाना' म्हणतात म्हणे. आमच्या घरातले नाना फार मायाळू होते हो. हे नाना तसे नाहीत.

पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणात तो जिंकला. घरात पेढे वाटले गेले. आणि आता हे पत्र: त्या निकालाला वरच्या न्यायालयात आव्हान दिले आहे.

मंडळी, मी कायदा शिकलेले नाही. पण शाळेचे जनरल रजिस्टर मी वर्षानुवर्षे लिहिले आहे. त्यात शेऱ्याचा रकाना असतो. मूल दाखल होताना त्या रकान्यात काही लिहिले नसेल, तर दहा वर्षांनी "हा दोष आधीपासूनच होता" असे म्हणायची सोय शाळेला राहत नाही. सैन्याचा १९८२ चा नियमही नेमके हेच सांगत होता. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असे धरायचे. पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा.

सिग्नल कोअरमधले धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले. फिट येऊ लागल्या म्हणून १९९४ साली त्यांना घरी पाठवले. अपंगत्व २० टक्के, निवृत्तिवेतन शून्य. उच्च न्यायालयात आधी जिंकले, मग खंडपीठापुढे हरले. अखेर जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने सांगितले की आजार सेवेशी निगडित नाही असे म्हणायचे, तर वैद्यकीय मंडळाने त्याची कारणे लिहिली पाहिजेत. नुसता शेरा चालणार नाही. एवढे एक वाक्य ऐकायला त्या माणसाला एकोणीस वर्षे लागली!

निकाल आला, नियम स्पष्ट झाला, मग भांडण संपायला हवे होते. पण डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्याबरोबर सर्वोच्च न्यायालयाला अपंग सैनिकांविरुद्धची शेकडो सरकारी अपिले फेटाळावी लागली. २०१५ साली संरक्षणमंत्री असलेल्या मनोहर पर्रीकरांनी हे खटले कमी कसे करावेत हे विचारायला तज्ज्ञांची समितीच नेमली. त्या समितीनेही अशी अपिले मागे घ्या असेच सुचवले. तरीही माझ्या टेबलावर हे पत्र आहेच.

आमचे एक नातेवाईक म्हणतात, "काही लोक गैरफायदा घेतात. खुर्चीत बसून रक्तदाब वाढतो आणि अपंगत्व मागतात." घेत असतील. २०२३ साली सरकारने नियम नव्याने केले, त्यामागे ही काळजीही होती. पण वर्गात दोघांनी कॉपी केली म्हणून मी कधी अख्खा वर्ग नापास केला नाही. ज्याचे खोटे वाटते त्याच्या कागदावर कारण लिहा. कारण लिहिता येत नसेल, तर पैसे द्या. यात अवघड काय आहे?

खरी गोष्ट वेगळीच आहे. अपील करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. वकिलाची फी सरकारची, वेळ सरकारचा. अपील केले नाही तर मात्र "का केले नाही?" असे कोणी विचारील ही भीती. म्हणून सही होते. इकडे आमची ही सून तालुक्याहून जिल्ह्याला एसटीने जाते, दिवसाची मजुरी बुडवते आणि पुढची तारीख घेऊन परत येते.

१९८२ साली नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही कुणाची मेहेरबानी नव्हे असे बजावले होते. मग हक्काच्या पैशासाठी त्या माणसाला पुन्हा पुन्हा का जिंकायला लावता?

प्रजासत्ताक दिनाला आपण सगळे जवानांना सलाम करतो. सलामाला खर्च नसतो. मला एवढेच म्हणायचे आहे की न्यायाधिकरणाने सैनिकाच्या बाजूने निकाल दिला आणि त्यात कायद्याचा खरोखर नवा प्रश्न नसेल, तर सरकारने तिथेच थांबावे. आणि पुढे जायचेच असेल, तर ज्याने अपिलावर सही केली त्याचे नाव आणि त्याचे कारण त्या घरी मराठीत कळवावे.

फाइल अजून माझ्याकडे आहे. तारखेला मी तिच्याबरोबर जाणार आहे. गुडघे दुखतात, पण जाणार. जाण्याआधी त्याचे दाखल होतानाचे पान शाळेत जाऊन पाहून आले. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.