कांडी भरणारे हात

आमच्या बिरादरीची शाळेकडून एकच मागणी असते : पोराच्या हातून साचा सुटावा. यंत्रमागाच्या गावात, उर्दू शाळेत शिकवत असल्याने ही मागणी मला कळते. पण तिच्यापायी वर्गात हाताने काही करायचे म्हटले की वालिदैन बिथरतात. "सर, ये काम तो घर पे भी करता है. आप पढ़ाई कराओ." आमचे शिक्षकबंधूही तेच म्हणतात, फक्त जरा शुद्ध भाषेत. बी.एड.ला 'बालकेंद्री शिक्षणा'वरचे उत्तर आम्ही सगळ्यांनी घोकूनच लिहिले होते, हेही सांगून टाकतो.

सहावीतला एक मुलगा. रात्री कांड्या भरतो, सकाळी मागच्या बाकावर पेंगतो. गुणाकारात कच्चा, असा शेरा मीच दिलेला. एकदा सर्वांना घरून कापडाचा तुकडा आणायला सांगितला आणि एका इंचात बाण्याचे धागे किती ते मोजायला लावले. या पठ्ठ्याने अब्बूंचे भिंगच आणले. धागे भरले 52. म्हणजे मीटरला सुमारे दोन हजार. साचा मिनिटाला 120 धागे टाकतो, हे त्यानेच आम्हाला सांगितले. मग मीटरभर कापडाला सतरा मिनिटे! सगळे गणित त्याने फळ्यावर मांडले आणि वळून विचारले, "सर, फिर अब्बू को मीटर के इतने ही पैसे क्यों मिलते?"

शिक्षकांच्या खोलीत मला सुनावले गेले, मुलांना नसते प्रश्न शिकवू नका. अहो, मी कुठे शिकवला?

हे म्हणे परदेशी खूळ आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेनंतर हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष जामियाचे डॉ. झाकीर हुसेन होते. ते राष्ट्रपती झाले म्हणून आपण त्यांच्या तसबिरी लावल्या. त्यांची तालीम मात्र घेतली नाही. शाळेत मजुरी करून घेणार काय, या शंकेचा विचारही त्या समितीने केला होता. कमाईच्या नादात शिक्षण मागे पडेल, हा धोका तिने अहवालातच नोंदवला आहे. कांडी भरणे ही मजुरीच. आपण भरलेली कांडी किती वेळ पुरते हे मुलाने शोधणे, ही पढाई. एवढा फरक आम्हा पदवीधरांना कळू नये?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तर कृतीतून, शोधातून शिकणे कलम 29 मध्ये लिहून ठेवले. आम्ही काय केले? फरशा रंगवल्या, भिंतींवर तक्ते टांगले, साहेबांची भेट उरकली आणि मुलांना पुन्हा फळ्यावरचे उतरवायला बसवले. रंगवलेल्या फरशीवर पाय ठेवला म्हणून मार खाल्लेली मुले मी पाहिली आहेत.

तो मुलगा हल्ली वहीत लाईट जाण्याच्या वेळा टिपतो. दर वेळी अब्बूंचे किती मीटर बुडाले, ते त्याला काढायचे आहे. परवा त्याने भागाकार विचारला. मी अजून शिकवला नव्हता तो.