बंदूक नको, आधी वही घ्या

परवा ऑफिसातल्या एका मित्राने चहाच्या वेळी गाठलं. हा आमच्याच रेंजवर पॉइंट टू-टू मारतो, दोन वर्षं झाली. म्हणाला, "अरे, बॅरलच्या तोंडावर बसवायचा ट्यूनर घेतोय. आणि सगळ्यात महागडी मॅच गोळी. किती फरक पडेल रे?"

मी विचारलं, "आत्ता ग्रुप किती येतो?"

"चांगला येतो."

"चांगला म्हणजे किती मिलिमीटर?"

यावर साहेब कपातल्या चहाकडे बघायला लागले. आता त्याला हसण्याचा मला काही नैतिक अधिकार नाही. कारण तीन वर्षांपूर्वी मी पण नेमकं हेच केलं होतं, आणि त्यापायी अंधेरीतल्या माझ्या खोलीच्या एका महिन्याच्या भाड्याइतके पैसे घालवले होते. म्हणून आजचा शनिवार या विषयाला.

ज्यांचा नेमबाजीशी संबंध फक्त जत्रेतल्या फुग्यांपुरता आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत चुकला तरी चालतो. फायनलमध्ये दशांशात गुण असतात आणि प्रत्येक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा त्याचे गुण होते ४५१.४, आणि तेही ४४ गोळ्यांत. सरासरी काढा, १०.२६ येते. म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, ऑलिंपिकच्या फायनलचं दडपण डोक्यावर घेऊन हा माणूस ५० मीटरवर केंद्रापासून सरासरी साडेपाच-सहा मिलिमीटरच चुकत होता. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या विश्व स्पर्धेत झोपून ६०० पैकी ५९७ मारले होते. वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि जागतिक विक्रमाची बरोबरी पण केली.

हे आकडे वाचले की आपल्यासारख्याला पहिला प्रश्न पडतो, "यांची बंदूक कुठली?" आणि गडबड तिथेच सुरू होते.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. वेबसाइट हळू चालतेय म्हणून कुणी लॉग न बघता थेट मोठा सर्व्हर मागवला तर आपण त्याला काय म्हणू? (मॅनेजर म्हणू. असो.) रायफलचंही तसंच आहे. कागदावर जे भोक पडतं ते एका चुकीचं नसतं. त्यात गोळीची चूक असते, बॅरलची असते, वाऱ्याची असते आणि आपली स्वतःची तर असतेच. गंमत म्हणजे या चुका एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्यांची साधी बेरीज होत नाही. प्रत्येकीचा वर्ग करायचा, बेरीज करायची आणि मग वर्गमूळ काढायचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हे घोकलं होतं, पण कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

समजा माझ्या हाताची चूक ८ मिलिमीटर आहे आणि बंदूक-गोळीची मिळून ३. एकूण झाली साधारण ८.५. आता मी पैसे ओतले आणि बंदूक-गोळीची चूक निम्मी केली, दीडवर आणली. एकूण किती? ८.१. एवढ्या खर्चानंतर ५ टक्के फायदा! उलट ज्याच्या हाताची चूकच ३ मिलिमीटर आहे, त्याला त्याच खर्चात ४.२ वरून ३.४ वर येता येतं, म्हणजे जवळपास २० टक्के. वस्तू तीच, किंमत तीच, फायदा चौपट. म्हणून चॅम्पियन जे विकत घेतो ते त्याच्यासाठी शहाणपणाचं आणि माझ्यासाठी बहुतेक वेळा नुसती हौस.

माझं मत एवढंच आहे. अचूकता वाढवायची असेल तर आधी कुठली चूक किती मोठी आहे ते मोजा. खरेदी नंतर.

आता माझी फजिती सांगतो. ट्यूनर लावला. पहिल्याच दिवशी पाच गोळ्यांचा असा सुंदर ग्रुप आला की मी त्याचा फोटो फोनच्या वॉलपेपरला ठेवला. पुढच्या शनिवारी तसा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन महिने ट्यूनर एक घर इकडे, एक घर तिकडे फिरवत बसलो. पाच गोळ्यांचा ग्रुप हा फार लबाड प्राणी आहे हे मला माहीत नव्हतं. तीच रायफल, तीच पेटी, तोच माणूस असताना पाच-पाचच्या दोन ग्रुपमध्ये नुसत्या योगायोगाने दीडपट फरक पडू शकतो. आपण चांगला ग्रुप लक्षात ठेवतो आणि वाईट ग्रुप "वारा होता" म्हणून सोडून देतो. हे मोजमाप नव्हे, ही जाहिरात.

शेवटी आमच्या सरांनी एक दिवस वैतागून वाळूच्या पिशव्या काढून दिल्या. "यावर रायफल ठेव, स्वतः कमीत कमी शिव, आणि दहा-दहाचे पाच ग्रुप मार. ट्यूनर काढून ठेव." मारले. दोन वेगवेगळ्या बॅचच्या पेट्या होत्या, दोन्हींनी मारले. एका बॅचचा सरासरी ग्रुप १७ मिलिमीटर, दुसरीचा १२. ब्रँड तोच, छापील माहिती तीच, किंमतही तीच!

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. रिमफायर काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला तळाच्या मध्यभागी नसतो, कडेच्या पोकळ घडीत असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नाही की दारू थोडी वेगळी पेटते आणि वेग थोडा बदलतो. मॅच गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जरा हळू, सेकंदाला साधारण ३३० मीटरने निघते आणि ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात एक टक्का फरक पडला की उतारात दोन टक्के, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर. तीन टक्के पडला तर सात. मोठ्या बोअरचे नेमबाज काडतूस घरी हाताने भरून असले फरक कमी करतात. रिमफायर पुन्हा भरता येत नाही. कारखान्याने दिलंय ते घ्यायचं. म्हणजे आपल्या हातात एकच गोष्ट उरते, बॅच निवडणं. म्हणूनच मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमला ईलीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या कारखान्यात जातात, तिथे ती शिकंजात पकडून एकेक बॅच मारून बघतात आणि जुळली ती बॅच वर्षभराची उचलतात.

मला वाटलं, सापडलं! बारावाली बॅच घेऊन ऐटीत झोपून मारायला गेलो. ग्रुप आला ३६ मिलिमीटर रुंद आणि २० उंच.

इथे वही कामाला आली. सर म्हणाले, "नुसता आकडा नको लिहू, आकार काढ." आकार आडवा होता. गोळीच्या वेगाची चूक असती तर ग्रुप उभा पसरला असता. वारा म्हणावा तर सकाळी साडेसातला झेंडे मेल्यासारखे लटकलेले. (वारा खरंच मोठा गुन्हेगार आहे हं. आडवा वारा सेकंदाला एक मीटर असला तरी गोळी पाच-सहा मिलिमीटर सरकते. पण त्या दिवशी तो निर्दोष होता.) बॅरल म्हणावी तर पिशवीवर ग्रुप गोल येत होता. राहिलो मी.

फोन बाजूला ठेवून व्हिडिओ काढला. दर वेळी बोल्ट ओढून नवीन गोळी भरताना माझी रायफल किंचित उजवीकडे कलायची आणि पुन्हा दर वेळी वेगळ्याच कोनात स्थिरावायची. मला पत्ताच नाही! गणित केलं. गोळी १२ सेंटिमीटर उतरते, ते भरून काढायला साइट नळीला तेवढी वर रोखायला लावते. रायफल कलली की ते "वर" पण कलतं. दोन अंश कलली तर ४ मिलिमीटर बाजूला, पाच अंश कलली तर १० च्या वर. म्हणजे निशाणी बरोबर धरून, श्वास रोखून, चाप लोण्यासारखा दाबूनही माणूस दहाच्या बाहेर! रायफल कललेली असणं हा गुन्हा नाही, अनेक चांगले नेमबाज मुद्दाम थोडी कलवूनच धरतात. पण दर गोळीला कल तेवढाच हवा.

उपाय काय? गवंडी भिंत बांधताना वापरतात त्या पाणसळाचा छोटा भाऊ. पुढच्या साइटमध्ये बसणारा काचेचा बुडबुडा. आणि बोल्ट ओढताना डावं कोपर न हलवण्याची दोन महिन्यांची कंटाळवाणी सवय. आज माझा ग्रुप पंचविसाच्या आत येतो. कुसाळेच्या गावाला जायचं तर मी अजून दादरलाही पोचलेलो नाही, पण गाडी योग्य दिशेने चाललीय. ट्यूनर कपाटात आहे. हाताची चूक खरंच कमी झाली की त्याचाही नंबर लागेल, त्याच्याशी माझं वैर नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं तो मुद्दा. आपल्याकडे पॉइंट टू-टूला परवाना लागतो, आणि मॅच गोळी बाहेरून येते. साध्या क्लब नेमबाजाला बॅच निवडायला परदेशी कोण पाठवणार? जी पेटी हातात पडेल ती मारायची. मान्य. पण ज्या पेट्या हातात पडतात त्यांची तरी नोंद आपण का ठेवत नाही? रेंजवर वीस-पंचवीस जण दर आठवड्याला मारतात. बॅच नंबर पेटीवर छापलेला असतो. गोळ्या संपल्या की पेटी कचऱ्यात आणि तिच्याबरोबर सगळी माहितीही कचऱ्यात. एक सामाईक रजिस्टर, वाळूच्या दोन पिशव्या आणि महिन्यातली एक सकाळ, एवढ्यावर कुठली बॅच कुठल्या रायफलला जुळते हे कळू लागेल. खर्च जवळपास शून्य. फायदा सगळ्यात जास्त कुणाला? ज्या पोराची चूक खरंच ३ मिलिमीटरवर आलीय, जो राज्य स्पर्धेतून पुढे जाऊ शकतो, पण ज्याच्या बापाला शंभर पेट्या आणून त्यातल्या दहा निवडणं परवडत नाही, त्याला. त्याला नेमकी सतराची बॅच मिळाली तर त्याची अर्धी मेहनत पाण्यात, आणि त्याला वाटत राहणार की आपलंच काहीतरी चुकतंय. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. मी हौशी आहे, माझं काय जातं? त्याचं वर्ष जातं.

हे मी रेंजवर बोललो तेव्हा एका ज्येष्ठ काकांनी फटकारलं. "अरे, हा मनाचा खेळ आहे. आकड्यांच्या मागे लागलास की हात थरथरतील." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गोळीगणिक गुण मोजणारा माणूस बिघडतो, मी स्वतः बिघडलोय. पण त्यावर उत्तर सोपं आहे. मोजायचा दिवस वेगळा आणि मारायचा दिवस वेगळा. टेस्टिंग आपण रिलीजच्या रात्री करतो का? (करतो. पण करू नये.) उलट माझा अनुभव असा की पिशवीवर बारा येतो हे माहीत असलं की सामन्यात आठ लागला तरी डोकं बंदुकीवर जात नाही. शंका कमी, तेवढं मन शांत. काकांना जे हवंय तेच मिळतं, फक्त वहीच्या वाटेने.

मित्राला मी शेवटी एवढंच सांगितलं. आधी दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने दर वेळी सारखेच आवळ. बॅरल साफ केल्यावर किंवा बॅच बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशोबात धरू नकोस. मग पिशवीवर दहा-दहाचे पाच ग्रुप, मग झोपून तेवढेच. दोन आकडे समोर ठेव आणि जो मोठा असेल त्यावर पैसे घाल. तो मोठा आकडा तुझा स्वतःचा निघाला तर दुःख करू नकोस, तो सुधारायला आयात परवाना लागत नाही.

तो म्हणाला, "आणि वही कुठली घेऊ?"

चौकोनवाली. पंचवीस-तीस रुपयांत मिळते, अंधेरी स्टेशनबाहेर.