ड्रेस्डेन : जोडलेले शून्य आणि धरलेला नेम

एल्ब नदीकाठचे ड्रेस्डेन हे जर्मन शहर बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांतील अलंकारप्रचुर, वास्तुशैलीसाठी ख्यातनाम होते. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी ते बेचिराख केले. त्यात दोन लाखांवर निरपराध माणसे मारली गेली, असा एक पूर्वपक्ष आहे. शहर हे युद्धसामग्रीचे ठाणे असल्याने त्याचा विध्वंस अटळ होता, असा दुसरा. या दोहोंपैकी एकही तपासणीस टिकत नाही.

पहिल्या पक्षाचा आकडाच बनावट आहे. मार्च १९४५ च्या पोलिसी अहवालातील मृतांची २०,२०४ ही नोंद पुढे एक शून्य जोडून २,०२,०४० म्हणून पसरवण्यात आली. नगरपालिकेने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने मात्र २०१० मध्ये मृतांची संख्या फार तर २५,००० ठरवली. शिवाय ज्या शहरात उरल्यासुरल्या ज्यूंना १३ तारखेलाच रवानगीच्या नोटिसा पोहोचत होत्या आणि त्या वाटण्याचे काम लादलेले भाषाभ्यासक व्हिक्टर क्लेम्परर रात्रीच्या गोंधळात कोटावरचा, ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा पिवळा तारा उसवल्यामुळे वाचले, त्या शहराला नाझी राजवटीपासून अलिप्त म्हणता येत नाही.

दुसऱ्या पक्षाचे अर्धे म्हणणे खरे आहे, कारण ड्रेस्डेन रेल्वेचे मोठे जंक्शन होते आणि तेथील कारखाने सैन्यासाठी राबत होते; परंतु कसोटी शहरात काय होते ही नसून नेम कशावर धरला ही आहे. ब्रिटिश वैमानिकांना खूण दिली होती ती ओस्ट्रागेहेगे येथील क्रीडामैदानाची, आणि तेथून पंख्यासारखे फाकत जुन्या वस्तीवर बॉम्ब टाकायचे होते. आधी स्फोटक बॉम्बनी छपरे व खिडक्या उडवायच्या आणि मग उघड्या पडलेल्या घरांत आगलावे बॉम्ब सोडायचे, या पद्धतीने तेथे ‘अग्निवादळ’ उठले, म्हणजे असंख्य आगी एकवटून भोवतालची हवा वादळाच्या वेगाने ओढू लागल्या आणि तळघरांत आश्रय घेतलेली माणसे गुदमरून मेली. पहिल्या लाटेनंतर सुमारे तीन तासांनी, अग्निशामक जवान रस्त्यावर असताना, दुसरी लाट आली. खुद्द ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांनी २८ मार्चच्या टिपणात अशा हल्ल्यांमागील दहशतीचा हेतू मान्य केला. सेनाधिकाऱ्यांच्या आक्षेपानंतर ते टिपण मागे घेऊन मवाळ करण्यात आले.

यावरून सिद्धान्त असा निघतो की, आक्रमक राजवटीविरुद्धचे युद्ध न्याय्य असले, तरी त्यातील प्रत्येक कृती आपोआप न्याय्य ठरत नाही, आणि वस्तीलाच लक्ष्य करणारी कृती तर नाहीच. हा दोष सिद्ध करण्यास पंचवीस हजार मृत पुरेसे आहेत. त्यांच्यापुढे शून्य जोडणारा मृतांचा कैवारी नव्हे, आणि कारखान्यांकडे बोट दाखवून त्यांना विसरणाराही इतिहासकार नव्हे.