ऐंशी टक्क्यांचा पक्ष

‘बॅटरी पार शून्यावर येऊ द्यायची, मगच चार्जिंगला लावायची.’ पाचगणीच्या वसतिगृहात नवा लॅपटॉप आला की घरच्या वडीलधाऱ्यांचा हा सल्लाही सोबत येतो. सल्ला मायेचा आहे, पण जुना झाला आहे.

निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांसाठी तो ठीक होता. त्या अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरल्या की लवकर दम टाकत. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे लॅपटॉपमध्ये तीच रुळली. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीला ती जुनी खोड नाही. उलट, शून्यावर येऊन महिनोन्महिने पडून राहिली तर ती कायमची निकामी होऊ शकते.

दुसरा समज असा, की प्लग लावून ठेवला तर बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होते. यात तथ्य अर्धेच. बॅटरी भरली की आतले सर्किट चार्जिंग थांबवते. नुकसान होते ते सतत काठोकाठ भरलेले राहण्याने. तेव्हा बहुतेक सेल ४.२ व्होल्टच्या आसपास असतात; आतल्या नको त्या अभिक्रिया वेग घेतात, लिथियम त्यांत अडकत जाते आणि क्षमता घटते. उष्णतेने हे आणखी झपाट्याने होते. ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळावरील तक्त्यानुसार २५ अंशांवर वर्षभर ४० टक्के चार्जमध्ये ठेवलेल्या बॅटरीची ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून ठेवलेलीची ८०. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात.

यावर पाचगणीकर हसून म्हणेल, ‘उष्णतेची चिंता सांगलीवाल्यांनी करावी!’ सुमारे १,३०० मीटर उंचीवरची हवा थंड आहे खरी. पण रजईत रुतवलेल्या लॅपटॉपला ती मिळते कुठे? तळाच्या जाळ्या झाकल्या जातात, पंखा घोंघावतो, खालची बाजू हाताला चटका देते. शिवाय सुटीत तोच लॅपटॉप पसरणी घाट उतरतो आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत तापतो.

तेव्हा करायचे काय? टेबलाशी, प्लगजवळ काम असेल तेव्हा चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. लेनोवो, असूस, डेल यांच्या अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय आहे.

‘उद्याचे वाचवायला आजच वीस टक्के का सोडायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. पण प्लग हाताशी असताना ते वीस टक्के लागतातच कशाला? पावसाळ्यात वारा उठला, वीज जाण्याची चिन्हे दिसली, की मर्यादा काढून शंभर टक्के भरून घ्यावे. एखाद्या रात्रीने काही बिघडत नाही. लांबच्या सुटीत लॅपटॉप कपाटात राहणार असेल, तर निम्मा चार्ज ठेवून पूर्ण बंद करावा.

कोणाचे खरे, हे तपासताही येते. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे मिळतात. समजा, मूळ ५०,००० मिलिवॉट-तास होती आणि आता ४१,००० आहे, तर ८२ टक्के शिल्लक. दर सत्राच्या सुरुवातीला हे आकडे वहीत टिपले, तर दुकानदाराने ‘बॅटरी गेली, बदला’ म्हटल्यावर त्याच्यापुढे वही ठेवता येते.