विश्लेषण : नवरा-बायकोने मिळून उभारलेला धंदा घटस्फोटानंतर कुणाचा?

मिठाईचं दुकान नवऱ्याच्या नावावर आहे. पण खव्याच्या हिशोबापासून रात्री गल्ला मोजण्यापर्यंत बायकोही तिथे पंधरा वर्षं राबली आहे. आता दोघं वेगळे होतायत. दुकानात तिचा हिस्सा किती? महाराष्ट्रात हिंदू जोडप्यापुरतं कायद्याचं उत्तर आहे : आपोआप मिळणारा हिस्सा शून्य.

असं का?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नानंतरची कमाई दोघांची, असं तत्त्व नाही. ज्याचं नाव, त्याची मालकी. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून मिळालेल्या मालमत्तेपुरतं. नंतर वाढलेला धंदा त्यात बसत नाही.

मग हाती काय लागतं?

कलम २५ नुसार कायमस्वरूपी पोटगी. एकरकमी किंवा ठरावीक हप्त्यांनी. ती ठरवताना कोर्ट दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता बघतं, त्यामुळे धंद्याची कमाई इथे मोजली जाते. 'धंदा तोट्यात आहे' एवढं तोंडी सांगून भागत नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावं लागतं. मात्र पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती सारखी करण्याचं साधन नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

कागदावर नाव असेल तर?

चित्र बदलतं. भागीदारीत करार वेगळं सांगत नसेल, तर नफ्यात समान वाटा. कंपनीत जितके शेअर्स, तितकी मालकी. घटस्फोटाने ती जात नाही. नुसतं पगारपत्रकावर नाव असेल, तर मात्र मालकी मिळत नाही.

दुसरी बाजूही आहे. धंद्याच्या कर्जाला बायको जामीन असेल, तर घटस्फोटानंतरही बँक तिच्याकडे वसुलीला येऊ शकते. हिस्सा नाही, पण कर्ज आहे, अशी वेळ येते.

गोव्यात वेगळं काय?

तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता साधारणपणे दोघांची सामाईक आणि प्रत्येकाचा वाटा निम्मा. तेच दुकान पणजीत असतं आणि लग्नाला गोव्याचा कायदा लागू असता, तर तिला निम्म्यावर हक्क सांगता आला असता.

इथे बदल होईल का?

प्रयत्न झाला होता. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केलं, पण लोकसभा बरखास्त होताच ते बारगळलं. २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाने एका खटल्यात गृहिणीच्या कष्टांना मालमत्तेतलं योगदान मानून तिला वाटा दिला. पण महाराष्ट्रातल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही.

तोपर्यंत कष्टांचा पुरावा एकच : कागद. भागीदारीचा करार किंवा शेअर्सची नोंद संसार सुरळीत असतानाच करून घ्यायला हवी. भांडण कोर्टात गेल्यावर अशा कागदावर सही कोण करणार?