पोच नंतर दिली तरी चालेल



मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात वेग, वेळ आणि अंतर यांची उदाहरणे चालू होती. पुस्तकातली तीच ती आगगाडी आणि तोच तो पूल. मुलं कंटाळली होती. म्हटलं, चला मैदानावर. तिथे प्रश्न दिला : ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर ५ सेकंदांत किती अंतर जाईल?

मुलांनी पटकन काढलं. सेकंदाला साधारण ११ मीटर, म्हणजे ५ सेकंदांत ५५ मीटर. टेप धरून तेवढं अंतर चुन्याने आखलं. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. अशी चार मैदानं एकापुढे एक मांडली तरी वर तीन मीटर उरतात.

मग मी म्हणालो, "समजा, गाडी चालवणारा हे सगळं अंतर डोळे मिटून गेला तर?" मुलं हसली. "असं कोण करेल सर?"

"गाडी चालवताना मेसेज वाचणारा करतो," मी म्हणालो.

हसू थांबलं. मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमचे पप्पा करतात. तुमचा ग्रुपवर मेसेज आला की गाडीवरच बघतात. पोच द्यायची असते ना."

त्या संध्याकाळी मी माझाच मोबाइल तपासला. शाळा सुटते पाच वाजता. माझे बहुतेक मेसेज पाच ते साडेपाचच्या दरम्यान गेलेले. प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य : 'सर्व पालकांनी वाचल्याची पोच त्वरित द्यावी.' ज्यांची पोच आली नाही त्यांची नावंही मी ग्रुपवर टाकत होतो. म्हणजे ज्या वेळी पालक मुलाला मागे बसवून गर्दीतून वाट काढत असतात, नेमक्या त्याच वेळी मी त्यांच्या खिशात हात घालत होतो.

गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. हँडल त्याच्या हातात आहे, तेव्हा चूक त्याचीच. पण माझं मत असं आहे की मेसेज पाठवणाऱ्यालाही यातून अंग काढून घेता येणार नाही.

धोका किती, हे नीट समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याला अपघात होण्याची शक्यता साधारण चौपट असते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक येथील संशोधकांनी ट्रकचालकांचा अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष मांडले. मेसेज करताना चालकांची नजर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावरून हटलेली होती. आमच्या मैदानावरचे ५ सेकंद म्हणजे काही फुगवलेला आकडा नव्हे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यामागे कारणं अनेक आहेत. पण मोबाइल हे असं कारण आहे, जे दूर करायला खड्डे बुजायची वाट बघावी लागत नाही.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात मोबाइल घेऊन वापरणं हे कलम १८४ नुसार धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पोलीस प्रत्येक गल्लीत उभा राहू शकत नाही. "मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक" असं एसटीत लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचत आलो. तो मनाचा ब्रेक हवा.

काही जण म्हणतात, "मी नुसतं बघतो, टाइप करत नाही." अहो, बघायला डोळेच लागतात ना? शिवाय वाचलेला मजकूर डोक्यात घोळत राहतो. सहलीचे पैसे कधी भरायचे, गणवेश कोणता घालायचा... नजर रस्त्यावर परतली तरी मन अजून ग्रुपवरच असतं. समोर एखादं पोर चेंडूमागे धावत आलं, तर ब्रेक दाबायला लागणारा तो अर्धा क्षणही हातातून जातो.

आणखी एक गोष्ट. मागे बसलेलं मूल हे सगळं बघत असतं. रस्ता सुरक्षा सप्ताहात आपण त्याच्याकडून घोषवाक्यं पाठ करून घेतो, चित्रं काढून घेतो. पण चार वर्षांनी ते स्वतः गाडी हातात घेईल तेव्हा आई-बाबांच्या पाठीमागून पाहिलेलंच करेल.

म्हणून आमच्या वर्गापुरते आम्ही साधे नियम केले. शाळा भरण्याआधी आणि सुटल्यानंतर एक तास ग्रुपवर मेसेज नाही. 'त्वरित पोच' बंद, रात्री नऊपर्यंत कधीही द्या. खरंच तातडीचं असेल तर फोन करायचा. फोन वाजला तर पालकांनी गाडी बाजूला घेऊन, थांबवून मगच उचलायचा. आणि कोणाला फोन केला तर पहिला प्रश्न : "गाडीवर नाही ना?" असाल तर ठेवून द्यायचा. महिना झाला. कोणाचंही काम अडलेलं नाही.

परवा त्या मुलीला सहज विचारलं, "काय गं, पप्पा अजून बघतात का मोबाइल?"

ती म्हणाली, "नाही सर. गाडीवर बसताना मी तो माझ्या दप्तरात ठेवते. वाजला की पप्पा विचारतात, कोण आहे गं? मी म्हणते, घरी गेल्यावर सांगते."